कापसावर आळ

बाबांनी आधी कापसावर आळ घेतला. त्या सीझनला घाटंजीच्या खरेदी केंद्रावरून घरी आले की रोज एकच रडगाणं. यंदाच्या सरकीत दम नाही, रुई आखूड पडून राह्यली, हे नवं बियाणं दिसायला देखणं पण धागा धरत नाही. बाबा कापसाचे ग्रेडर होते. म्हणजे आलेल्या बैलबंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतून एक पुंजका उपसायचा, सरकी काढून फेकायची आणि उरलेली रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची, जुळवायची, पुन्हा ओढायची. चार-पाचदा असं केलं की तंतू एका ओळीत येतात. मग ते तंतूची लांबी मिलिमीटरमध्ये सांगायचे आणि कापूस कोणत्या ग्रेडचा ते सांगायचे. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. शेतकऱ्याचा भाव त्यांच्या अंगठ्यावर ठरायचा, आणि त्या अंगठ्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्या वर्षी तंतू अंगठ्यातून निसटायला लागला. दीड महिना त्यांनी बियाण्याला शिव्या दिल्या. मग एक दिवस एकाच शेतकऱ्याच्या, एकाच वावरातल्या दोन बंड्या लागोपाठ आल्या आणि बाबांनी त्यांना दोन वेगळे ग्रेड दिले. शेतकरी भांडला नाही. नुसता त्यांच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. बाबांनी नळावर हात धुतले, साहेबांना जाऊन सांगितलं की उद्यापासून मला ग्रेडला बसवू नका, आणि घरी आले. मी चहा ठेवला तर म्हणाले, "कापूस चांगला हाय व. माया हातच खोटा झाला."

मला आधीच समजायला हवं होतं. नुसते बसले असले की त्यांचा उजवा अंगठा बोटावर फिरत राहायचा, हळूहळू, गोल गोल. मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, दिवसभर चाळीस पोरांच्या हातांवर माझी नजर, पण घरातला हात दिसला नाही. मला वाटायचं सवय आहे, मनातल्या मनात रुई ओढतात. कौतुकानं शेजारणीला दाखवायचे मी, पाहा, आमचे बाबा सुट्टीतही ग्रेडिंग करतात.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, कंपवात आहे. गोळ्या सुरू झाल्या. दोन-तीन वर्षं बरी गेली, बाबा रिटायर झाले, मग गोळीचा असर तासातासानं उतरायला लागला. सकाळी घेतलेली गोळी दुपारच्या जेवणापर्यंतही पुरायची नाही. वरणभाताचा घास तोंडाजवळ जाईपर्यंत अर्धा शर्टावर. बाबांचं जेवण मी मग आतल्या खोलीत द्यायला लागले, पाहुणे असले की.

तेव्हा डॉक्टरांनी ती बारकी पांढरी गोळी दिली. आधीच्या गोळीला जोड म्हणून. ब्रोमोक्रिप्टिन. हे नाव मला शाळेतल्या परिपाठासारखं पाठ आहे. अर्ध्या गोळीनं सुरुवात केली, मग वाढवत नेली, आणि दसऱ्याच्या आसपास बाबांचे हात परत आले. परत आले म्हणजे काय सांगू. एका सकाळी मी शाळेत जायला निघाले तर बाबा ओसरीत बसून माझ्या तुटलेल्या पर्सला सुईदोऱ्यानं टाके घालत होते. सुईत दोरा कोणी ओवला विचारलं तर म्हणाले, "कोण ओवीन? घरात आहेच कोण?" मी दारातच बसले आणि रडले. त्या दिवशी शाळेला उशीर झाला आणि मुख्याध्यापकांचं ऐकून घेतलं, आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशीपासून ते मार्केट यार्डात जायला लागले. नोकरी नव्हती, पगार नव्हता, पण टिनाच्या शेडखाली एका लाकडी खोक्यावर बसायचे. ती वर्षं कापसाची फार वाईट होती. सरकारी खरेदी आज सुरू, उद्या बंद. खाजगी व्यापारी कापूस हातात न घेताच तोंड वाकडं करायचे. पेपरातल्या बातम्या वाचवत नव्हत्या, बाबा पहिलं पान न वाचताच घडी घालून ठेवायचे. अशात शेतकरी आधी बाबांकडे यायचा, ओंजळभर कापूस पुढे करायचा. बाबा ओढून सांगायचे, "एकोणतीस भरते. कवडी नाही, डागी बोंड नाही. यापेक्षा खाली कोणी बोललं तर बंडी वळव." मग तो माणूस व्यापाऱ्यापुढे जरा ताठ उभा राहायचा. ग्रेडरकाकांनी एकोणतीस सांगितली म्हणायचा. भाव काही आभाळाला भिडायचा नाही, पण कोणी फसवून तर नेलं नाही, एवढं समाधान घेऊन तो गावी जायचा. संध्याकाळी बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांवर कापसाचा तूस असायचा. मी फडक्यानं झटकायचे आणि ते लहान पोरासारखे डोळे मिटून उभे राहायचे. आईच्या माघारी बाबांना एवढं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

तो एक सीझन. एकच.

होळीच्या सुमारास खोकला लागला. कोरडा, ठसक्याचा. आधी सुंठ झाली, ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, आमचा सुंठीनंही हलला नाही. उन्हाळ्यात जिना चढताना दम लागायला लागला. वजन उतरलं. मी त्यांना इथल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, काम काय करत होते? बाबांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "जन्म कापसात गेला, डॉक्टर." डॉक्टरांनी मान हलवली. विषय संपला.

यात माझी आई आहे, ते सांगितलं पाहिजे. आई जिनिंगमध्ये रोजानं जायची. रुई वेगळी होते तिथे, यंत्राजवळ. मी डी.एड.ला असताना ती गेली, छातीनंच गेली. तिची खोकली ऐकत मी मोठी झाले. आमच्या गल्लीत निम्म्या घरांतून ती खोकली यायची आणि सगळे एकच म्हणायचे, छातीत रुई भरली. म्हणून बाबा खोकायला लागले तेव्हा मला कोणी काही सांगायची गरजच नव्हती. मला माहीतच होतं. माझं हे असंच आहे. एकदा माहीत झालं की मी पुन्हा पाहत नाही.

मी फर्मान काढलं. यार्ड बंद.

बाबांनी आधी हसण्यावारी नेलं, मग विनवलं, मग अबोला धरला. मी बधले नाही. शाळेत जाताना त्यांच्या चपला कपाटात घालून किल्ली नेली, एवढी मी वाईट. तेवढ्यावर भागलं नाही. घरातल्या कापसाच्या गाद्या काढून विकल्या आणि यवतमाळहून स्पंजाच्या आणल्या. उश्यासुद्धा. कंपवाताच्या माणसाला कूस बदलणं आधीच कठीण, त्या मऊ स्पंजात तर बाबा रुतूनच बसायचे. "या स्पंजात माणूस फसते व," म्हणायचे. मी म्हणायचे, फसा, पण जगा.

रोज सकाळी मी केस विंचरत असले की मागून प्रश्न यायचा, "आज जाऊ का घंटाभर?" कधी, "तोंडाले रुमाल बांधतो." कधी, "आत नाही जात, गेटापाशीच उभा राह्यतो." माझं उत्तर ठरलेलं. दोन सीझन हे चाललं. कधी कधी मी उत्तरही द्यायचे नाही, नुसती वेणी घालून निघून जायचे.

छातीत पाणी झालं तेव्हा पुन्हा डॉक्टर. फोटो काढला, पाणी सुईनं ओढलं. टीबीचं काही सापडलं नाही, पण आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की टीबीच, म्हणून नऊ महिने त्या औषधांचा मारा झाला. लघवी लाल, तोंडाची चव गेली, खोकला आहे तिथेच. मी चुकूनही एक डोस चुकवला नाही. मला औषधं द्यायची फार शिस्त. छातीची औषधं निळ्या पिशवीत, हाताची औषधं लाल पिशवीत, गोळ्यांच्या प्रत्येक पत्त्यावर ते औषध सुरू केल्याची तारीख. निळी पिशवी घेऊन मी इथल्या डॉक्टरांकडे जायचे, लाल घेऊन नागपूरला. नागपूरचे डॉक्टर विचारायचे, हात कसे आहेत? मी छाती फुगवून सांगायचे, एकदम मस्त, सुई ओवतात. ते खूश व्हायचे आणि गोळी चालू ठेवायचे. खोकल्याचं मी तिथे एकदाही नाव काढलं नाही. हाताच्या डॉक्टरला खोकला काय सांगायचा? एसटीत बाबा खोकून खोकून वाकायचे, आणि दवाखान्याच्या पायरीवर मी म्हणायचे, बाबा, आत जरा कमी खोका, डॉक्टरांना हात दाखवायचे आहेत.

आणि हात खरंच मस्त होते. हे मी पाहिलं होतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाबांसोबत तीस वर्षं केंद्रावर काट्यावर बसलेले एक काका होते. बंडी तोलायचं काम त्यांचं. ते संध्याकाळी बाबांशी गप्पा मारायला यायचे. मी त्यांना अंगणात कपडे झटकायला लावायचे, हातपाय धुवायला लावायचे, मगच आत. बिचारे निमूट करायचे. एकदा मी शाळेतून लवकर आले. दोघं खाटेवर बसलेले, बाबांच्या मांडीवर चादर, आणि चादरीखाली त्यांचे हात हलत होते. मी चादर ओढली. काकांनी खिशातून पुंजका आणला होता, नव्या वाणाचा. बाबांनी तो ओढून, जुळवून, आपल्या काळ्या पँटीवर मांडला होता. ओळ अशी सरळ की फूटपट्टी लाजावी. एक केस इकडचा तिकडे नव्हता. बाबा माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "तीस भरली, पोरी. तीस. पाह्य तरी."

मी पाहिलं नाही. मी तो पुंजका उचलला आणि चुलीत टाकला. काकांना म्हटलं, तुम्हाला यांना मारायचं असेल तर सरळ विष आणा. काका उठले, टोपी घातली आणि गेले. पुढे तीन महिने आले नाहीत. बाबा पँटीवर चिकटलेला एक एक तंतू बोटानं वेचत होते. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तोच मला आज नको तेव्हा आठवतो, न बोललेला शब्द.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी बाबांना बसल्या जागी दम लागायला लागला. कोणीतरी सांगितलं, यवतमाळला छातीची एक नवीन डॉक्टरीण आली आहे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तिने फोटो पाहिले, नळी लावली, आणि मी "जन्म कापसात गेला" सुरू केलं तर शांतपणे म्हणाली, "ते कळलं. आता घरात जितक्या गोळ्या आहेत तितक्या घेऊन या. सगळ्या. कशाच्याही असोत."

मला राग आला. एवढ्या लांबून आलो, दोन गोष्टी लिहून द्यायच्या तर परत पाठवते. पण दुसऱ्या दिवशी बाबांना घरी ठेवून, दोन्ही पिशव्या घेऊन मी गेले. तिने दोन्ही टेबलावर उलट्या केल्या. लाल पिशवीतल्या आणि निळ्या पिशवीतल्या गोळ्या पहिल्यांदाच एका जागी आल्या. तिने चाळत चाळत ब्रोमोक्रिप्टिनचा पत्ता उचलला.

"ही कधीपासून?"

पत्त्यावर तारीख होतीच, माझ्याच अक्षरात. दसऱ्याच्या आधीची.

"आणि खोकला?"

"त्याच्या पुढच्या होळीपासून."

"कापसापासून यांना किती दिवस दूर ठेवलं?"

"दोन सीझन. घरात बोंडसुद्धा येऊ दिलं नाही मी."

"मग खोकला कमी झाला?"

माझी आई डोळ्यांपुढे आली. जिनिंगला बाजाराच्या दिवशी सुट्टी असायची. त्या दिवशी आई दुपारनंतर कमी खोकायची, रात्री झोपायची, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली की संध्याकाळी छाती आवळलेली घेऊन यायची. हे मला माहीत होतं. मी दहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. कापसाची खोकली कापसापासून दूर गेली की सैल होते. बाबांची दोन वर्षांत तसूभर सैल झाली नव्हती, आणि मी शहाणी कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरत होते.

डॉक्टरीण समजावून सांगत होती. धान्याच्या कणसावर जी बुरशी पडते, तिच्या घराण्यातल्या औषधांपैकी ही एक. कंपवाताला चांगली लागू पडते. पण थोड्या लोकांत, फार थोड्या लोकांत, महिनोन् महिने घेतली की फुप्फुसावरचं आवरण जाड होतं, पाणी धरतं, फुप्फुस आखडतं. इतकं हळू होतं की गोळीवर कोणाचा संशय जात नाही. आधी माणसाच्या धंद्यावर जातो, मग टीबीवर. तिने माझ्यासमोरच नागपूरला फोन लावला. मग गोळी हळूहळू कमी करत बंद करायचं ठरलं. फोन माझ्या हातात दिला तेव्हा नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "खोकल्याचं मी विचारलं नाही ही माझी चूक. पण बाई, तुम्हीही कधी सांगितलं नाही." खरं होतं. दोघांचंही खरं होतं.

एसटीत बसले तर डोक्यात एकच म्हण, चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर तर मी रोज तीन वेळा, जेवणानंतर, पाण्याच्या घोटाबरोबर बाबांना माझ्या हातानं देत होते.

लपवणं माझ्या स्वभावात नाही. घरी आल्या आल्या बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. रागवावं अशी माझी इच्छाच होती. पण ते ऐकता ऐकता उठून बसले, आणि चेहरा असा उजळला की मला पाहवेना.

"म्हणजे कापूस नव्हता?"

"नव्हता, बाबा."

"मले वाटतच होतं," ते म्हणाले. "तीस वर्षं ज्याचं खाल्लं थो असा घात करीन कायले?" आणि लगेच, "मंग मी आता जाऊ?"

मी म्हटलं, आता नको. गोळी सुटू द्या, छाती मोकळी होऊ द्या, दिवाळीला कापूस येईल तेव्हा मी स्वतः नेऊन बसवते. त्यांनी काट्यावरच्या काकांना निरोप धाडला. काका आले. मी त्यांच्या पाया पडले, आणि त्या दिवशी त्यांना कपडे झटकू दिले नाहीत. दोघं म्हातारे दिवाळीचे बेत करत बसले, शेडमध्ये कुठल्या बाजूला ऊन येतं, खोकं कुठं ठेवायचं.

तो उन्हाळा मी कसा काढला माझं मला माहीत. गोळी जसजशी उतरत गेली तसतसा खोकला उतरत गेला. पावसाळ्यात बाबा दोन वाक्यं न थांबता बोलायला लागले, मग चार. फुप्फुसाचं जाड झालेलं आवरण थोडं तसंच राहिलं, पण जिना चढून गच्चीवर जाऊन आले. आणि जसजसा श्वास मोकळा होत गेला तसतसे हात जात राहिले. आधी सुई गेली. मग शर्टाची बटणं. मग घास. जुनी गोळी वाढवली तर अंगच वेडंवाकडं हलायचं, कमी केली तर हात लाकूड. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. एका हातात श्वास आणि दुसऱ्या हातात बोटं असं देवानं पुढे केलं असतं तर बाबांनी काय उचललं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. मी परस्पर उचलून मोकळी झाले होते.

दिवाळी आली. यार्डात बंड्या लागल्या. मी रोज सकाळी विचारायचे, बाबा, चलता का? ते म्हणायचे, "पाहू." मी म्हणायचे, घंटाभर तरी. ते म्हणायचे, "राहू दे, तुले शाळा आहे." दोन वर्षं ज्या प्रश्नाला मी वेणी घालता घालता उडवून लावलं, तो प्रश्न आता मी विचारत होते आणि ते टाळत होते. आता बाबा नाहीत. आजही दसरा उलटून हवेत तूस उडायला लागला की आरशापुढे माझा हात थांबतो. मागून कोणीतरी परवानगी मागावी असं वाटतं. एकदा मागितली तर मी केस मोकळे सोडून तशीच निघेन. मला बाबा हवे आहेत. थरथरते, खोकणारे, हट्ट करणारे, कसेही.

त्या वर्षी शेवटी एका रविवारी मी विचारलंच नाही. ऑटो दारात आणून उभा केला. बाबांना धुतलेला पांढरा शर्ट घातला, बटणं लावली, खांद्यावर शाल टाकली आणि हाताला धरून बसवलं. वाटेत ते बाहेर वाकून पाहत होते. पेट्रोल पंपाजवळ बंड्यांची रांग लागली तेव्हा माझं बोट धरून त्यांनी जरासं दाबलं, असं मला वाटलं.

गेटापाशी ऑटो थांबला. आम्ही उतरायच्या आत एका शेतकऱ्यानं बाबांना ओळखलं. बंडीवरून उडी मारून, ओंजळ भरून धावत आला. "काका, दोन वर्षं कुठं गेलते? पाहा बरं जरा, थो व्यापारी छब्बीस सांगून राह्यला." त्यानं कापूस बाबांच्या पुढ्यात धरला. पांढराशुभ्र होता, मलाही दिसत होतं.

बाबांनी शाल पुढे ओढली आणि दोन्ही हात तिच्याखाली घेतले. कापसाकडे पाहिलं. मग त्या माणसाकडे पाहून म्हणाले, "आज नाही, बापा. आज दवाखान्यात जाऊन राह्यलो." आणि ऑटोवाल्याला म्हणाले, "वळव."

तो माणूस भरली ओंजळ घेऊन तिथेच उभा राहिला. ऑटो वळला. मी कितीतरी वेळ बाबांकडे पाहायची हिंमत केली नाही. आमची गल्ली आली तेव्हा तेच बोलले. आवाजात राग नव्हता, उलट मलाच समजावत असल्यासारखं बोलले.

"तुले बोल नाही लावत, पोरी. तू माया जिवासाठीच केलं. पण दम लागे तरी तवा हात होते."